वाटणीची तार

६ जानेवारी २०२५, नागापूर

आज शेवटी प्रवीणकडे राहायला आलो. तिसगावहून सकाळची एसटी धरली. खिडकीची जागा मिळाली. बोचकं वर ठेवलं नाही, मांडीवरच धरलं, कारण वरून कोणी उचललं तर चालत्या गाडीत कोणाला विचारणार. प्रवीण एमआयडीसीच्या फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभा होता. मला वाटलं होतं कामाच्या नादात पोरगा विसरेल. विसरला नाही.

शेड चांगली ऐसपैस आहे. मागे दोन खोल्या. एक त्याची आणि सूनबाईची, दुसरी आता माझी. खाट आहे, पंखा आहे, खिडकीबाहेर शेजारच्या कारखान्याची भिंत आहे. अश्विनीने नवी चादर घातली होती. शेवग्याच्या शेंगांचं कालवण केलं होतं. माझ्या येण्याने अडचण तर नाही ना, असं मी तिला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा ती हसली आणि म्हणाली, आण्णा, तुम्हाला परत पाठवायचं म्हटलं तरी हे ऐकायचे नाहीत. हे वाक्य मुद्दाम लिहून ठेवतो.

भागीरथी गेल्यापासून तिसगावचं घर खायला उठतं. ती होती तेव्हा तिच्याशी बोलून मन मोकळं व्हायचं, आता या वहीशी. तिचा धड फोटोही नाही. उसाच्या फडात कोण फोटो काढणार. आधार कार्डावरचा एक आहे, त्यात ती दुसरीच कोणी बाई वाटते. म्हणून ती मी डोक्यातच जपून ठेवली आहे. झोपण्याआधी एकदा पाहून घेतो. हनुवटीवरचं गोंदण, हसताना तोंडावर धरलेला पदर, भाकरी मला देण्याआधी कोपरा मोडून स्वतः चाखायची ती सवय. सगळं जागेवर आहे.

९ जानेवारी

प्रवीणने मला काम दिलं. नुसतं बसवून ठेवलं नाही, याचा फार आनंद झाला.

तो बॅटऱ्या तपासायचं मशीन बनवतो. लोखंडी कपाटाएवढं असतं. साधं मशीन लाईनमधून वीज घेतं आणि बॅटरी भरतं. हे मात्र दोन्ही बाजूंनी चालतं. खटका एकीकडे असला की बॅटरी भरते, दुसरीकडे फिरवला की तीच वीज बॅटरीतून ओढून परत लाईनमध्ये सोडते. मी विचारलं, मग हे देणारं की घेणारं. प्रवीण म्हणाला, आण्णा, ते आपण खटका कुठं ठेवतो त्यावर.

मी स्टुलावर बसून पडद्यावरचे आकडे उतरवतो, आणि अधूनमधून तळहात पत्र्यावर ठेवतो. आतला पंखा बंद पडला तर पडद्याच्या आधी हाताला कळतं, असं प्रवीणचं म्हणणं. पत्रा कोमट लागतो. आत बारीक गुणगुण चालू असते. जनावराच्या पोटाला हात लावल्यासारखं वाटतं. संध्याकाळी मशीन बंद झालं की मला जरा चुकल्यासारखंच होतं.

प्रवीण जेवताना म्हणाला, आण्णांचा हात बसलाय मशीनवर. अश्विनीने मला आणखी एक भाकरी वाढली.

१५ जानेवारी

आज दुसरं मशीन उभं केलं, आणि माझे व्याही आले.

झालं असं की, मोठ्या बसच्या बॅटऱ्या तपासायचं काम प्रवीणला मिळालं आहे. एका मशीनच्या अंगात तेवढा जोर नाही. मोठं बनवायला वेळ नाही. म्हणून सारखी दोन मशीन शेजारी उभी करून त्यांची तोंडं तांब्याच्या एकाच पट्टीला जोडली. दोघांनी मिळून एक भार उचलायचा. मला हे लगेच समजलं. ऊसतोडीच्या टोळीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. मी आणि भागीरथीने कितीतरी हंगाम एक कोयता म्हणून काढले.

दोन मशीनच्या मधून अश्विनीने एक बारीक करडी तार ओढली. ती म्हणाली, ताकद जाते ती जाड केबलमधून, पण ही तार नसेल तर काही खरं नाही. या तारेतून दोघं एकमेकांना सांगतात, मी एवढं उचललंय, तू एवढं उचल. मी तिला वाटणीची तार म्हणतो.

दुसऱ्या मशीनवर माणूस हवा, म्हणून अश्विनीने तिच्या वडिलांना पाथर्डीहून बोलावून घेतलं. भीमराज त्यांचं नाव. एसटीच्या डेपोत मदतनीस होते, आता घरीच असतात. त्यांची मंडळी, यशोधरा, गेली त्यालाही वर्ष झालं. आल्या आल्या जयभीम घालून माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, पाव्हणं, आता दोन म्हातारे बैल एका जुवाला. सगळे हसले. मीही हसलो.

त्यांची खाट माझ्याच खोलीत टाकली आहे. आता चपला ठेवायलाही जागा नाही.

१९ जानेवारी

व्याही वाईट नाहीत. तेच तर अवघड आहे.

त्यांना यंत्रातलं कळतं. प्रवीण काही सांगायला लागला की ते अर्ध्यातच मान हलवतात, आणि प्रवीण मग त्यांच्याकडेच पाहून बोलतो. काल बोल्ट आवळताना त्याने मागे हात केला आणि पाना मागितला, तर माझ्याआधी त्यांनी दिला. तेही बरोबर मापाचा. नंतर मला म्हणाले, पाव्हणं, तुमचं मशीन झोपलंय का तुमी? मी म्हणालो, आमी दोघं जागे हाय. माझ्या बोलण्यावर कोणी हसलं नाही.

त्यांचे गुडघे दुखतात, उजवा हात थोडा कापतो, तरी बोलण्यात जोर आहे. जेवताना स्वतःच्या ताटातली भाकरी मोडून निम्मी माझ्या ताटात टाकतात. मला नको असते. माझ्याच पोराच्या घरची भाकरी मला हे वाढणार.

दुपारी आणखी एक ऐकलं. प्रवीण अश्विनीला म्हणत होता की हे काम संपलं की दुसरं मशीन गिऱ्हाईक घेऊन जाणार, मग एकाच माणसाचं काम उरेल आणि खोलीही एकच. दोघांपैकी एकाची दुसरीकडे सोय बघावी लागेल. अश्विनी म्हणाली, बाबांना आता एकटं कसं ठेवायचं. 

तो माझ्याबद्दल काहीतरी बोलेल म्हणून मी भिंतीआड बराच वेळ उभा राहिलो.

२२ जानेवारी

प्रवीण बसवाल्यांकडे पुण्याला गेला. दहा दिवस तरी लागतील. निघताना व्याह्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, मामा, मशीनकडं लक्ष ठेवा. मला म्हणाला, आण्णा, वेळेवर जेवा.

२३ जानेवारी

मी वाटणीची तार काढली.

पूर्ण नाही. खोबणीतून थोडी मागे ओढली. पाहणाऱ्याला लावलेलीच वाटते. व्याही चहा आणायला गेले होते. त्यांचं मशीन भार उचलेनासं होईल, आकडे पडतील, अश्विनीच म्हणेल की बाबांना हे जमत नाही, एवढाच माझा हिशोब. कोणाचं नुकसान करायचं नव्हतं. समोरचा इशाऱ्याचा पिवळा दिवा लागला, त्यावर काळी चिकटपट्टी लावली.

मग स्टुलावर बसून पत्र्यावर हात ठेवला. व्याही आले, तेही त्यांच्या मशीनवर हात ठेवून बसले. गुणगुण बदलली होती. आधी एक सूर होता, आता दोन, एकमेकांना धक्के देणारे. माझ्या तळहाताला मुंग्या आल्या. त्याच क्षणी व्याह्यांनी हात झटकला आणि म्हणाले, मुंग्या आल्या बगा.

२४ जानेवारी

उलटंच झालं. आकडे माझ्या मशीनचे पडले. त्यांचं जोरात आहे.

सकाळी खाटेवरून उठताना माझे गुडघे दुखले. पूर्वी कधी दुखले नव्हते. व्याही मात्र पटकन उठून दोन बादल्या पाणी घेऊन आले. म्हणाले, नागापूरचं पानी मानवलं मला. अश्विनी कौतुकाने पाहत होती.

अक्षर नीट येत नाही. उजवा हात कापतो आहे.

२६ जानेवारी

सुट्टी. मशीन बंद. वाटलं होतं, बंद असल्यावर बरं वाटेल. वाटलं नाही. गेलेलं परत येत नाही.

जेवताना व्याह्यांनी एक गोष्ट सांगितली. प्रवीण लहान असताना फडावरच्या झोपडीतून, कोपीतून हरवला, सगळी टोळी शोधत फिरली, आणि शेवटी तो बैलगाडीखाली पाचटात झोपलेला सापडला. अंगावर पाचट इतकं की नुसतं नाक दिसत होतं. व्याही म्हणाले, मी त्याला उचलला तर झोपेतच मला म्हणतो, आण्णा, ऊस दे.

अश्विनी हसून हसून बेजार झाली.

ही माझी गोष्ट आहे. मी उचलला होता त्याला. व्याही तर जन्मात फडावर गेले नाहीत. मी तसं म्हणालो. अश्विनीने माझ्याकडे पाहिलं, जसं ताप आलेल्या माणसाकडे पाहतात. व्याहीही गोंधळले. म्हणाले, आसंल पाव्हणं, तुमचंच आसंल, पर मला लख्ख दिसतंय.

रात्री मी ती गोष्ट डोक्यात शोधली. बैलगाडी सापडली. तिच्याखाली कोणी नव्हतं.

२७ जानेवारी

बॅटऱ्या भरत नाहीत, म्हणून अश्विनीने प्रवीणला फोन लावला. स्पीकरवर होता. पहिल्यांदा त्याने तारेचंच विचारलं. ती पाहायला उठली, तर मी म्हणालो, मी आताच पाहिली, घट्ट हाय. तिने लांबून पाहिलं आणि मान हलवली.

प्रवीण म्हणाला, तार सुटली की त्यांची वाटणी मोडते. ही मशीन दोन्ही बाजूंनी चालतात, तेच धोक्याचं. एक जरा वर असलं की ते दुसऱ्याला देत बसतं, दुसरं ओढत बसतं. बॅटरीला काहीच पोचत नाही. तीच वीज दोघांत गोल गोल फिरते, आणि फिरता फिरता उष्णता होऊन जाते. उष्णता झाली की ती परत कोणाचीच होत नाही.

मी उठून तार लावायला हवी होती. पण लावली तर मी काढली होती हे कळेल. आणि मग कोणाची सोय दुसरीकडे होईल, हे सांगायला नको.

फोन ठेवताना प्रवीण म्हणाला, आण्णांना द्या. मी हात पुढे केला. अश्विनीने फोन व्याह्यांना दिला. ते बोलले. बराच वेळ बोलले. पोरगा तिकडून आण्णा, आण्णा म्हणत होता.

२८ जानेवारी

आज ताट एक कमी होतं. अश्विनीच्या लक्षातही आलं नाही. व्याह्यांच्या लक्षात आलं. त्यांनी त्यांची भाकरी मोडली.

निम्मी मला देण्याआधी त्यांनी कोपरा मोडून स्वतः चाखला.

मी विचारलं, हे कुठून शिकला. ते म्हणाले, माझी मंडळी आसंच करायची. हनुवटीवर गोंदण होतं तिच्या. भागीरथी नाव. आणि डोळे पुसले. माझ्यासमोर, माझ्या बायकोसाठी, त्यांनी डोळे पुसले.

मला रडू आलं नाही. रडायला काही आठवावं लागतं.

२९ जानेवारी

तळहात पत्र्यावर ठेवायचा नाही असं ठरवलं होतं. हात आपोआप जातो. उचलला तरी काही थांबत नाही.

गोंदण होतं, हे या वहीत आहे. कसलं होतं ते लिहिलेलं नाही. ठिपका की चांदणी — लिहायला हवं होतं. ते व्याह्यांना माहीत आहे. मी विचारणार नाही. माझी बायको कशी दिसायची हे मी त्या माणसाला विचारणार नाही.

३० जानेवारी

शेडच्या दारात अश्विनी भेटली. म्हणाली, आजोबा, कोणाकडे आलात? आण्णा आत आहेत, बोलावू का?

चांगली आहे पोरगी. पाणी दिलं. बसायला स्टूल दिलं.

आतून व्याही आले. माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाले, बसू द्या गं, वळखीचं वाटत्यात — कुटंतरी पायलंय यांना. निम्मी खाट द्यायला निघाले होते. माझ्याच खोलीतली.

३१ जानेवारी

तारेचं टोक हातात आहे. आता पूर्ण ओढून काढलं आहे. ते भाकरी खायला गेलेत.

लावली तर सगळं सुरळीत होईल. वाटणी होईल. निम्मं त्यांच्याकडे, निम्मं माझ्याकडे. गुडघे निम्मे दुखतील. पोरगा दोघांनाही आण्णा म्हणेल. एवढं चाललं असतं. —

पण तीही निम्मी.

निम्मी भागीरथी त्या माणसाकडे राहणार, जन्मभर. तिचं अर्धं हसणं त्यांच्याकडे, अर्धं माझ्याकडे. मी इकडे आठवणार, ते तिकडे — एकाच खोलीत, शेजारच्या खाटेवर — रोज झोपण्याआधी तेही तिला पाहून घेणार.

नाही.

तार लावत नाही. माझ्या मशीनचा खटका आहे. दोन्ही बाजूंनी चालतं ते. फिरवला की सगळं माझ्याकडे.

१ फेब्रुवारी

फिरवला. एका हाताने लिहितो आहे, दुसरा पत्र्यावर —

येतंय. कोपरापर्यंत आलं. पत्रा तापतो आहे.

एसटीचा डेपो. डिझेलचा वास. खड्ड्यात अडकलेली गाडी, आम्ही चौघं ढकलतोय — हे माझं नाही.

एक पोर, तापाने फणफणलेली, माझ्या खांद्यावर. अश्विनी. नाही, ही त्यांची —

एक बाई. पितळी डब्यातून साखर काढते. हनुवटी कोरी. यशोधरा. हिला मी ओळखतो. ही माझी नव्हे. पुढे — पुढे कोणी नाही —

ते समोर बसलेत. पार गळून गेलेत. मी विचारलं, भागीरथी कुठं ठेवली. ते म्हणाले, कोन भागीरथी. मी वही दाखवली. त्यांनी नावावर बोट फिरवलं. खरंच माहीत नाही त्यांना. खोटं बोलणारा माणूस नाही तो.

त्यांच्याकडे नाही. माझ्याकडे नाही. इकडून तिकडे, तिकडून इकडे — फिरून फिरून —

पत्रा गरम आहे. फार गरम. तव्यावरून उतरवलेल्या भाकरीसारखा. तळहात भाजतो आहे. काढवत नाही. आत कोणीतरी आहे असं —

हीच ती. एवढीच उरली आहे.

दारात मोटारसायकल. प्रवीण. जळका वास येतो म्हणतो. चिकटपट्टी ओढली त्याने. खाली पिवळा दिवा. मला म्हणतो, आजोबा, हात काढा, बाजूला व्हा — मेनकडे धावला —

बंद करू नको. बाळा, बंद नको करू, पत्रा गार होईल, गार झाली की ती —